सगळ्यात घाणेरडं बेकन

“शी! पुढचं दे,” एतेल्का म्हणाली आणि तोंडातला तुकडा रुमालात थुंकली.

सेंतेश शहरातल्या दुकानात मांसाच्या काउंटरपुढं ती अर्धा तास ठाण मांडून होती. मागं रांग लागलेली. शेजारी तिची सून रेका चष्मा लावून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत होती. एतेल्काच्या नवऱ्याचं, आंब्रुशचं, हृदय इस्टरला बंद पडता पडता राहिलं होतं. डॉक्टरनी बजावलं होतं, घरचं चरबीचं बेकन बंद, पालिंकेची दारू बंद, नाहीतर नाताळ दिसायचा नाही. “पालिंका जाऊ दे, पण बायकोचं बेकन मी मेलो तरी सोडणार नाही,” आंब्रुश दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाला होता. एतेल्का उशाशीच उभी होती. घरी आल्यावर त्यानं दोन्ही चालूच ठेवलं.

बेकनही तसंच होतं म्हणा. डुक्कर कापलं की बाकीचे आठवडाभर धुरी देतात. एतेल्का बापाच्या रीतीनं पाच आठवडे द्यायची. बेकन बुटासारखं काळं व्हायचं. एका हिवाळ्यात त्याच्या वासानं कोल्ह्यानं गाव सोडलं, तो बायकोपोरांसकट. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बापानं पहिला तुकडा आंब्रुशच्या हातात दिला. बाप एवढा आडवा, की दारातून कडेनं यायचा. हातात डुक्कर कापायचा सुरा. “कसं आहे, जावईबापू?” आंब्रुशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “जगात दुसरं असं नाही,” तो म्हणाला. तेव्हापासून बावन्न वर्षं रोज सकाळी तेच. बेकनचा तुकडा, त्यावर मुठीएवढा कच्चा कांदा, बोटभर लाल मिरचीपूड, आणि दर घासामागं पालिंकेचा घोट. घोट असा जळजळीत, की मांजर ओट्यावरून उतरायचं. “नवऱ्यानं खावं तर असं,” गावातल्या बायका म्हणायच्या.

“आई, हे बघा. चरबी निम्मी, मीठ कमी.”

एतेल्कानं चघळलं. तोंड पाडलं. “बरं आहे.”

“मग घेऊ?”

“नको.”

“आणि हे?”

“हे तर चांगलंच आहे. ठेव परत.”

“चांगलं आहे तर परत कशाला?” रेका वैतागली. काउंटरवरच्या बाईनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “आजी, एक टर्कीचं आहे. पण कुणी नेत नाही.”

तिनं एक चकती कागदावर टाकली. ती आपोआप घसरली. रंग, दोन दिवस टाचेला चिकटवलेल्या पट्टीचा. वरून पाणी सुटलेलं, खालून बुळबुळीत. एतेल्कानं डोळे मिटून तोंडात घातली. चावली तशी ती रबरासारखी कुईकुई वाजली. ओल्या पुठ्ठ्याची चव, आणि मागून गोडसर काहीतरी, कुणी आधीच चघळून ठेवल्यासारखं. एतेल्काच्या अंगावर सरसरून काटा आला. पोटातून उमासा आला. रांगेतल्या माणसानं तोंड फिरवलं.

मग तिचा चेहरा फुलला. “हेच! चार पाकिटं बांध.”

“अहो आई, तुम्हाला ओकारी आली!”

“मला आली, मग माझं बेकन खाणाऱ्याला काय होईल? एका घासात बेकनचं नाव टाकेल बघ. यापेक्षा पौष्टिक काय असणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटावर सगळं नेहमीसारखं मांडलं. चाकू, पाव, कांदा, मिरचीपूड. मधोमध ती ओली गुलाबी चकती. बाटली आंब्रुशनं स्वतःच कोटाच्या बाहीतून काढली.

“आपलं बेकन कुठंय?”

“कोल्ह्यानं नेलं.”

“तो तर गाव सोडून गेला होता.”

“परत आला,” एतेल्का म्हणाली, आणि पायानं बादली त्याच्याजवळ सरकवली.

आंब्रुशनं चकती चाकूच्या टोकावर धरली. वास घेतला. तोंडात टाकली. कुईकुई आवाज झाला. तो थांबला, डोळे मिटले, आणि दुसरी उचलली. मग तिसरी. दोन्ही गालांत कोंबून चावत होता, हनुवटीवर पाणी ओघळत होतं.

“अहो, कांदा?” तिचा आवाज फाटला.

“नको.”

“मिरचीपूड तरी?”

त्यानं मान हलवली. पाकीट संपवलं, चाकू चाटला, बोटं चाटली. एतेल्का बादली उचलून स्वतःच्याच छातीशी धरून बसली होती. आंब्रुशनं भरलेल्या बाटलीचं बूच घट्ट दाबलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

“डॉक्टरला सांग, पालिंका सुटली,” तो म्हणाला. “आज घास खाली ढकलायला काही लागलंच नाही.”