पेनाची गिचमिड

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या साइटवर तिला एकदाची बाबांची रेकॉर्ड सापडली. बाबांनी आयुष्यात गायलेली ती एकच. किंमत चार हजार. खाली विक्रेत्याने लिहिलं होतं, ‘कव्हरवर कोणीतरी पेनाने गिचमिड केली आहे, म्हणून स्वस्तात.’ तिने फोटो मोठा करून पाहिला. ‘आमच्या रडूबाईस, बाबांकडून.’

तिला राहवलंच नाही. तिने लगेच विक्रेत्याला कळवलं, “दादा, ती गिचमिड नाही हो, गायकाचंच अक्षर आहे. माझे बाबा ते. मागच्या वर्षी गेले. घर बदलताना ही रेकॉर्ड हरवली होती. एक तारखेला पगार झाला की घेते, तेवढी ठेवा माझ्यासाठी.”

“बरं झालं सांगितलंत, ताई,” उत्तर आलं.

संध्याकाळी तिने पुन्हा पाहिलं, तर किंमत चाळीस हजार झाली होती. गिचमिडीचं वाक्य काढून तिथे नवं घातलं होतं, ‘दिवंगत गायकाच्या हस्ताक्षरासह. अतिदुर्मिळ.’

“अहो दादा, ती रडूबाई मीच हो!” तिने लिहिलं.

“काय सांगता! मग तेवढं दोन ओळींत सही करून लिहून द्याल का, ताई? भाव आणखी चढेल.”