हाताला गुण

सकाळपासून आमचे हे गच्चीवर डिश अगदी छातीशी धरून फिरवत होते. मी खाली टीव्हीसमोर.

“आलं का चित्र?”

“नाही!”

“आता?”

“आता तर आवाजही गेला!”

चहाला खाली उतरले की चित्र लख्ख. “बघ, माझ्या हाताला गुणच आहे!” असं म्हणून कप ठेवायचे आणि नट आणखी पिळायला पुन्हा वर जायचे. की टीव्ही पुन्हा काळा. तिसऱ्या चहानंतर मी गुपचूप मेकॅनिकला फोन लावला.

“ताई, डिशच्या समोर झाड, टाकी असं काही आडवं येतंय का? असेल तर तेवढं बाजूला करा.”

“येतंय ना. पण ते माझ्या वडिलांनी पसंत करून दिलंय. सव्वीस वर्षांत एकदाही बाजूला झालेलं नाही.”