आज जाळी नाही

त्याने चित्र थांबवलं. ताईचा डावा हात उघडा होता.

उंच झुल्याला गुडघे अडकवून ताई उलटी लटकली होती. समोरच्या झुल्यावरून उडालेली तिची जोडीदार पोरगी, चिमणी, नुकतीच तिच्या हातांत आली होती. मनगटाला मनगट भिडलं होतं. ताईच्या उजव्या हाताची बोटं चिमणीच्या मनगटावर घट्ट आवळलेली होती. डाव्या हाताची मात्र नुसतीच पसरली होती, वाळत घातलेल्या हातमोज्यासारखी.

त्याने आदल्या दिवसाची क्लिप लावली. मग त्याच्या आधीची. सगळ्या तालमींत तेच. गेल्या वर्षीच्या खेळात मात्र दोन्ही मुठी पक्क्या होत्या.

रंगमंचामागच्या अरुंद खोलीत तो सकाळपासून हे रील कापत बसला होता. खेळाच्या आधी ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. परदेश दौरा ठरवणारी माणसं पहिल्या रांगेत बसणार होती. शेवट कसा हवा ते संयोजकाने स्वतः सांगितलं होतं. काळा पडदा आणि त्यावर तीन शब्द : आज जाळी नाही.

तालमीला खाली जाळी असायची. आज खरंच नव्हती.

"झालं का?" संयोजकाने दारातून डोकं आत घातलं. "लोक यायला लागलेत. इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

"आलोच," म्हणत त्याने क्लिप मोबाइलवर घेतली आणि तो उठला.

ताई रंगपटात एकटीच होती. पट्टीचं एक टोक दातांत धरून मनगटाला गुंडाळत होती. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं. शाळेत सोडायला ही, ताप आला की उशाशी ही. तिच्यापुढे आवाज चढवायची त्याची कधी छाती झाली नव्हती. त्याने मोबाइल पुढे केला.

तिने पाहिलं. मोबाइल परत दिला.

"तेवढा तुकडा कापून टाक. कापायचंच काम आहे ना तुझं?"

"रीलमधून कापीन, ताई. वर गेल्यावर काय कापू?"

"हळू बोल." तिने दाराकडे पाहिलं. "मानेत नस दबलीय. दौरा ठरू दे, मग करून घेईन ऑपरेशन."

"चिमणीला सांगितलंस?"

"त्या पोरीच्या जिवाला कशाला घोर? मी तिला कधी सोडलंय? इतका वेळ तालमी बघत बसलास ना? एकदा तरी सुटली असेल तर दाखव मला."

ते खरंच होतं. एकाही क्लिपमध्ये चिमणी पडली नव्हती. साधी घसरलीसुद्धा नव्हती.

बाहेर वाद्यं लागायला लागली. खुर्च्यांची खडखड वाढली. त्याने आपला पंजा तिच्यापुढे धरला.

"दाब."

"खुळा आहेस का?"

"डाव्या हाताने, ताई. दाब."

तिने चिडून त्याचा हात धरला. दात आवळले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, चेहरा लाल झाला. त्याच्या पंजात तिचा हात नुसता ठेवल्यासारखा पडून राहिला. तिने पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. मग ती आपल्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"चला, चला!" संयोजक धापा टाकत दारात आला. "लावू ना रील?"

भाऊ ताईकडे बघत राहिला. तिने मनगटावरची पट्टी सोडायला घेतली.

"लावू नका. आम्ही वर जात नाही."

"अहो, काय बोलताय! पहिली रांग भरलीय! मी तोंड कुठे दाखवू?"

"त्यांना सांगा, माझा हात गेलाय."

संयोजक कपाळावर हात मारून धावत सुटला. तो दारातून बाजूला झाला तेव्हा मागे चिमणी उभी असलेली दिसली. खेळाचा पोशाख घातलेली, तळव्यांना पांढरी पावडर फासलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

ताई उठली. तिच्यासमोर गेली खरी, पण तिला चिमणीच्या नजरेला नजर देववेना.

"माफ कर, पोरी," ती म्हणाली. "आज माझ्या हातून तू सुटली असतीस."

चिमणीने तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुमचा हात केव्हाच सुटलाय, ताई. इतके दिवस मीच तुम्हाला धरत होते."