ठरलेली खूण

कुस्ती लुटुपुटूची असली तरी आपटणं खरंच असतं, आणि रिंगशेजारी पंक बँड बोंबलत असताना बोललेलं काही ऐकू येत नाही. म्हणून त्या दोघा भावांची खूण ठरलेली होती: आपटणाऱ्याने हात दाबायचा, धड असेल तर दुसऱ्याने उलट दाबायचा. घराच्या वाटणीवरून बोलणं तुटलं, तरी एवढी विचारपूस चालू होती.

आज धाकट्याला डोक्यावरून फेकल्यावर थोरल्याने हात दाबला. उत्तर नाही. पुन्हा दाबला. गळा आवळायचं सोंग करत तो धाकट्याच्या कानाशी वाकला.

"छोट्या, लागलं का रे?"

"काही झालेलं नाही मला. हात सोड."

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. ठरल्याप्रमाणे थोरला जिंकला होता.