पाडव्याचं सारवण

त्र्याहत्तरचा पाडवा उद्यावर आला, पण दुष्काळानं उललेलं अंगण सारवायला घरात मूठभर शेण नव्हतं. गाय दोन महिन्यांपासून गुरांच्या छावणीत होती. दिवसभर खडी फोडून बजाबाईचं अंग नुसतं आंबून गेलं होतं.

"आवंदा ऱ्हाऊ दे की गं," सासू म्हणाली.

"न्हाय आत्याबाई, गुढी काय धुरळ्यात उबारायची?" म्हणत तिनं रिकामी पाटी काखेत मारली आणि पाय ओढत कोसभर लांबची छावणी गाठली.

शेकडो जनावरांत गाईनं तिला लांबूनच ओळखलं. दावं ताणून हंबरली. बजाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाटी खाली टेकली आणि शेण गोळा करायला वाकली.



तोवर गाईनं पाटीत तोंड घातलं होतं, मालकिणीनं वैरण आणली असंल म्हणून.