हातभर टेप

सकाळपासून उसाची रांग दोन ट्रॉल्यांएवढीच सरकली होती. भाऊसोनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं होतं. साखर कारखान्याच्या गाडीअड्ड्यातला हा त्याचा दुसरा दिवस. डोळे तांबारले होते, कंबर दगड झाली होती. टेप मात्र चालू होता.

मागच्या ट्रॅक्टरवरून पिराजी म्हणाला, "बंद कर की मर्दा. गिरणीत दळाण टाकल्यागत वाजतंय. ना त्यात बाई, ना बाप्या."

"त्येच बरं हाय," भाऊसो मान न उचलता म्हणाला. "तुझ्या गाण्यात कोणतरी कायम रडतंय. ह्यात कोण रडत न्हाय, कोण कुणाला फसवत न्हाय. नुसतं चढत जातंय. भरल्या गाडीनं फोंड्याचा घाट चढल्यागत."

"माझा मेव्हणा गेलता परवा गोव्याला. म्हणत हुता, तुझं असलं वाजाप आता लई जोरात असतंय तिथं."

"जोरातच असणार. त्यास्नी घाई झालीया आता. पहिल्या मिनिटालाच वर जाऊन बसत्यात. मग चढायचं काय? पैलं तसं न्हवतं. सगळी रात चढण, आन दिस उगवताना पोचायचं. माणसं अनवाणी, डोळं मिटून नाचायची. शेजारचा कोण, कुठल्या गल्लीचा, कोण इचारत न्हवतं."

हे शेवटचं तो नेहमीच जरा हळू बोलायचा.

टेपमध्ये खट् झालं आणि सूर एकदम पुढे उडाला. पिराजीला ते पाठ होतं. सगळ्या अड्ड्यालाच पाठ होतं. सत्त्याण्णव साली गोव्यात हणजुणाच्या किनाऱ्यावर एका गोऱ्यानं भाऊसोच्या पायातली कोल्हापुरी कापशी चप्पल मागून घेतली आणि बदल्यात ही कॅसेट दिली. भाऊसो अनवाणी घरी आला. पहिल्याच हंगामात ट्रॅक्टरच्या टेपनं ती चावली. चुरगळलेली हातभर फीत कापून त्यानं चिकटपट्टीनं जोड दिला. तोवर ती कॅसेट धड दोनदाही ऐकून झाली नव्हती. तेव्हापासून आठ वर्षं तो एकच सांगत होता: पोचायची जागा त्या हातभर टेपात होती. नेमकी तीच गेली.

"भाऊसो, पोरगी आली बघ तुझी," चहाची किटली घेऊन रांगेतून फिरणारी बायडाबाई म्हणाली.

संघप्रिया कॉलेजातून केएमटीच्या बसनं आली होती. ओढणीवर पाचटाचा कचरा, हातात एक सीडी.

"आबा, घावलं. अख्खं."

भाऊसोनं कपाळ उचललं.

"कॅसेटवर त्या गोऱ्यानं निळ्या पेनानं नाव लिवलंय न्हवं, त्यावरनं. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर नेटवरनं जरा जरा करून उतरवलं. अकरा दिवस लागलं."

सीडीचा टेप फक्त पिराजीकडे होता, दिवाळीला बसवलेला. आपली सीडी काढून त्यानं जागा मोकळी केली. बायडाबाईनं किटली खाली ठेवली. "आता ऐकूनच जाते. आठ वरसं नुसतं सांगतोयस."

भाऊसो आपला टेप बंद करून पिराजीच्या मडगार्डवर बसला. डोक्याचा टॉवेल काढून त्यानं मांडीवर घेतला.

सूर चढू लागला. एकावर एक थर बसत गेले. सीडीवर ते स्वच्छ होतं, पाणी नितळावं तसं. भाऊसोचा अंगठा मडगार्डच्या पत्र्यावर ठेक्यानं पडत होता. जोडाची जागा जवळ आली तसा तो वर उचलला गेला आणि तिथंच थांबला.

खट् झालं नाही. मघाचाच सूर मघासारखाच आणखी एकदा फिरला. पुन्हा एकदा फिरला. मग जोडापुढचा ठेका लागला, रोजचा, ओळखीचा.

कापलेल्या हातभर टेपात तेवढंच होतं.

अंगठा तसाच वर राहिला. संघप्रियानं तो पाहिला. तीही याच कॅसेटवर लहानाची मोठी झाली होती. ती ट्रॉलीतल्या उसाकडे बघत राहिली.

वाजायचं थांबलं. पिराजीनं विचारलं, आणि त्याच्या विचारण्यात आता टिंगल नव्हती, "भाऊसो, त्ये पोचायचं कवा आलं रं?"

"मलाबी कळलं न्हाय बाबा," बायडाबाई म्हणाली.

भाऊसोनं मांडीवरचा टॉवेल उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

"ह्ये त्ये न्हवंच," संघप्रिया म्हणाली. "नाव सारखं हाय, पर दुसऱ्याच कुणाचं तरी उतरलंय. तसंच वाजतंय, त्ये न्हाय. माझंच चुकलं, आबा."

पिराजी हसला. "अकरा दिवस लावून दुसरंच? आन ह्या पोरी उद्या इंजिनेर हुणार."

"मग काय तर," बायडाबाई किटली उचलत म्हणाली. "आमचा अर्धा तास खाल्ला की गं बाई."

संघप्रिया त्यांच्याबरोबर थोडं हसली. सीडी काढून तिनं पिशवीत वह्यांच्या खाली सरकवली. भाऊसो तिच्या हाताकडे बघत होता.

पुढं हॉर्न वाजला. रांग हलली. भाऊसो आपल्या ट्रॅक्टरवर चढला, त्याच्या मडगार्डवर संघप्रिया बसली. त्यानं कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली आणि गाडी पहिल्या गिअरात टाकली. सूर घरघरत चढू लागला. जोडाची जागा आली. खट् झालं.

"सावकाश हुडक," भाऊसो पुढं बघतच म्हणाला. "घाई न्हाय."