मागची टाच

जन्मभर ज्या मालिशच्या टेबलाशी उभी राहिले, त्यावर आज मीच पालथी पडले. माझे अंगठे कामातून गेलेत. आज लेकीला जमलं तर दुकान तिचं, नाहीतर उद्यापासून कुलूप. टेबलात चेहऱ्यासाठी ठेवलेल्या भोकातून मला फक्त तिची पावलं दिसत होती. मागच्या वेळी तिनं नुसते अंगठे रेटले होते. माझे असेच झिजले. “आई, खांदा सैल सोड.” “सोडलाय की!” “गिऱ्हाइकंही असंच खोटं बोलतात.” या वेळी मी खरंच सोडला. खाली तिची मागची टाच हळूच उचलली गेली. अख्खं अंग पुढे झुकलं आणि जमिनीतला जोर तिच्या तळहातातून माझ्या खांद्यात उतरला. जुनाट गाठ सुटली. ही युक्ती मला फार उशिरा कळली होती, तिला वेळेत. “जमलं का गं, आई?” “हात दे, उठव मला. बाहेर तुझं गिऱ्हाईक ताटकळलंय.”